डोकी मोजणारे भागाजीभाऊ

ये मंगल, अशी जवळ ये. आता कागदावरून हाका मारतेय तर जवळ कशी येशील म्हणा, पण निदान तो मोबाईल उपडा ठेव आणि चष्मा लावून नीट वाच. घर बांधून तुला सहा महिने झाले. राहतेस बायपासला, परदेशात नाय. रिक्षात बसलं की अर्ध्या तासात उस्मानपुरा, आमच्या दारात. आणि सख्ख्या मावशीला तू काय दाखवतेस, तर फोटो! 'मावशी, सगळ्या खिडक्यांना, दोन्ही दारांना लोखंडी शटर लावले. आता गारा पडू दे नायतर वादळ येऊ दे. बटण दाबलं की घर बंद.' बघितला गं फोटो. घर कुठलं, कापसाचं गोदाम दिसतंय.

मी फोनवर विचारलं, लाईट गेली तर? तू हसलीस. म्हणालीस इन्व्हर्टर आहे. मागच्या दाराच्या कुलपाची किल्ली कुठं असती विचारलं, तर म्हणालीस, माझ्या पर्समध्ये. आणि पर्स तुझ्याबरोबर ऑफिसात. मंगल, तू समोर असतीस तर दोन धपाटे घातले असते. तुझ्या घराला भागाजीभाऊ भेटायला पाहिजे होते. तू त्यांना एकदोनदाच पाहिलंयस, तेही लांबून. म्हणून सांगते.

भागाजीभाऊ आमच्या गल्लीच्या तोंडाशी शटरचं दुकान चालवायचे. मूळचे देवगाव रंगारीकडचे, मेंढरांवाल्यांच्या घरातले. तरुणपणी कळपामागं हिंडले, मग चराईची रानं गेली, मेंढरं विकली, आणि इथं एका वर्कशॉपात वेल्डिंग शिकले. पण चाल काय बदलली नाय बघ. उंच, वाळका देह, जरा पुढं झुकलेला, आणि शटर खाली ओढायचा लोखंडी आकडा खांद्यावर आडवा टाकून दोन्ही हात त्यावर टाकलेले. रस्त्यानं चालले की वाटायचं पुढं शंभर मेंढरं आहेत, आपल्यालाच दिसत नायत.

शटरशी बोलायचे. अडलं शटर तर शिवी नाय, हातोडा नाय. 'हो हो हो, थांब माझ्या राजा, कुठं दुखतंय तुला?' असं म्हणत पट्ट्यांवरून हात फिरवायचे. शेजारी रफिकभाईंचं पंक्चरचं दुकान. ते तिथून ओरडायचे, "भागाजीभाई, उसकू चाय पिलाऊं क्या?"

आपल्याकडं वैशाखात दुपारनंतर कसं आभाळ येतं तुला ठाऊक आहे. पैठणकडनं काळं येतं, धूळ उठते, आणि बघता बघता लिंबाएवढ्या गारा. एका साली आमच्या पडवीच्या सगळ्या काचा फुटल्या, तेव्हा आमच्या ह्यांनी भागाजीभाऊंना बोलावून दोन खिडक्यांना आणि पडवीला शटर लावून घेतलं. त्या दिवसापासून आमच्या घराला एक मास्तर मिळाला. शटर लावून पैसे घेऊन जाणारा माणूस नव्हता तो. दरसाल होळी झाली की तेलाची कुपी घेऊन हजर. "वैनी, सणाच्या कामातनं वेळ काढा. वढून दाखवा." मी ओढायचे. "आता आतनं उघडून दाखवा." मी उघडायचे. "आता डोळे मिटून उघडा." आता सांग, डोळे मिटून कुणी शटर उघडतं का? पण करायलाच लावायचे. "लाईट जाती तवा डोळं असून काय उपेग?" पोटभर परीक्षा घेऊन मगच चहाला हात लावायचे.

त्यांना एकच धास्ती होती. वाऱ्याची नाय, गारांची नाय. बंद घरात माणूस कोंडायची. आणि ते माणूस कोण, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. गयाबाई, त्यांची बायको. तिला दमा. दुकानाच्या मागं दीड खोलीचं बिऱ्हाड. वेल्डिंगचा धूर, रस्त्याची धूळ, आणि ती बिचारी श्वासाचा पंप पदराला बांधून हिंडायची. ती श्वास कसा घेते ते ऐकत हा माणूस झोपायचा. शटर कुणाच्याही घराला लावू दे, मनात घर तेच असायचं.

म्हणून त्यांचे कायदे. ज्या बाजूनं वारं येतं ती बाजू खुशाल बंद करा, पण तिच्या उलट अंगाचं एक दार असं ठेवा की आतनं, बिनकिल्लीचं, लेकरालाही उघडता यावं. कुलूप लावणारच असाल तर किल्ली दाराशेजारी खिळ्याला. पर्समध्ये नाय मंगल, खिळ्याला! बंद घरात शेगडी नाय, जनरेटर नाय. पट्ट्यांच्या फटीत बोट नाय, ओढायचं ते आकड्यानं. वारं सुटल्यावर शिडीवर चढायचं नाय, आणि गार पडायला लागल्यावर बाहेर पळायचं नाय. "राहिलं उघडं तर राहू द्या. काच फुटली तर नवी मिळंल." वादळ गेल्यावर ओल्या शटरला हात लावायच्या आधी बाहेर बघायचं, विजेची तार कुठं लोंबत तर नाय ना. हे सगळं ते गिऱ्हाइकाला इतक्या वेळा सांगायचे की रफिकभाई म्हणायचे, "शटर कम बेचते तुम, डराते ज्यादा. आधे गिऱ्हाईक तो डर के भागे."

"भागू दे. भागायला रस्ता असंल तर भागतील ना?" हे त्यांचं उत्तर.

पण सगळ्यात मोठा कायदा डोकी मोजायचा. रानात संध्याकाळी मेंढरं वाघरीत घालतात ना, जाळ्याच्या कुंपणात, तेव्हा मोजल्याशिवाय जाळं बंद करत नायत. भागाजीभाऊंनी तेच शहरात आणलं. शटर ओढायच्या आधी घरातली माणसं मोजायची. बोट दाखवून नाय, बोट दाखवलं की नजर लागते म्हणे. तोंडाकडं बघायचं, आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकवायचा. एक पेर, एक माणूस.

एकदा वादळ आलं नेमकं ते आमच्याकडं तेल घालत असताना. धूळ घरात, पडदे छताला, आणि हे आकडा धरून पडवीत उभे. अंगठा चाललाय. "वैनी, एक कमी हाय."

मी म्हटलं, "भाऊ, ओढा आधी! सगळी भाकरीची परात धुळीनं भरली."

"एक कमी हाय. साहेब कुठं हायेत?"

साहेब म्हणजे आमचे हे. ते असतात तिथंच होते गं, पेपर घेऊन संडासात. मी कशी सांगू? लाज वाटली. म्हटलं, "आहेत आतच."

"आत म्हंजे कुठं? मला आवाज पायजे."

पहिल्या गारा आत आल्या. टणाटणा उड्या मारतायत फरशीवर. हा माणूस हलेना. शेवटी मीच संडासाच्या दारावर थापा मारून ओरडले, "अहो, आवाज द्या! मेंढरं मोजायचीयत!"

आतनं गर्जना झाली, "आहे रे बाबा, आहे! जिवंत आहे!"

मग शटर खाली आलं. नंतर कितीतरी दिवस गल्लीतली माणसं ह्यांना बघून विचारायची, "साहेब, मोजणीत आलात का?"

आणि दुसरे एक अधिकारी साहेब होते. रिटायर झालेले, पलीकडच्या गल्लीत बंगला. त्यांनी तुझ्यासारखीच बटणाची शटरं लावून घेतली, चारी बाजूंनी. काम झालं, साहेब पैसे मोजायला लागले, तर भागाजीभाऊ म्हणाले, "पैसं मागनं. आधी तुमी आत जावा. मी समदी शटरं पाडतो, मेन स्विच बंद करतो. तुमी बाहेर या."

साहेब हसत आत गेले. मोटारीच्या शटरला हातानं फिरवायचा एक दांडा असतो, लाईट गेली की त्यानं उघडायचं. तो दांडा साहेबांनी घेतला होता, पण कुठं ठेवला? माळ्यावर, आकाशकंदिलाच्या खोक्यात. भागाजीभाऊ बाहेर पायरीवर बसले आणि भाकरीचं फडकं सोडलं. आतनं पेटी पडल्याचा आवाज. मग भांडी. मग साहेबांचा आवाज, "अहो, चालू करा ते!"

"लाईट गेली साहेब," भाऊ बाहेरनं म्हणाले, आणि कांदा फोडला.

भाकरी खाऊन, हात धुऊन, वर तंबाखू मळून झाली तेव्हा कुठं दार वर गेलं. साहेब घामानं निथळतायत, केसांत जळमटं. लई चिडले. 'अडाणी माणूस, मला शिकवतो' असं बरंच बोलले. भाऊंनी ऐकून घेतलं. एवढंच म्हणाले, "तुमी धडधाकट म्हणून पाऊण तास लागला साहेब. दम्याचं माणूस असतं तर?" दुसऱ्या दिवशी बघितलं, दांडा दोरीनं दाराशेजारीच टांगलेला.

असा हा पंडित. आणि आता त्यांच्या घरचं ऐक, कारण दिव्याखाली अंधार तो हाच.

दुकानात जागा कमी. शटरच्या पट्ट्यांचे गठ्ठे आले की ठेवायचे कुठं? तर मागच्या खोलीत, मागच्या दाराला टेकवून. गयाबाई रोज म्हणायची, आणि नवऱ्याला नाय, भिंतीला म्हणायची, आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं, "गावाला शाणपण शिकवायचं आन् आपल्या दाराला लोखंडाचा डोंगर. आवो, ते गठ्ठे काढा."

"उद्या काढतो."

"तुमच्या उद्याला दाढी आली."

मी एकदा हसत म्हटलं, भाऊ, गयाबाईची परीक्षा कधी घेताय? तर म्हणाले, "ती मलाच नापास करंल वैनी."

गेल्या वैशाखातली गोष्ट. गयाबाई दुकानाच्या ओट्यावर शेगडीवर कुरडयांचा चीक शिजवत होती. गव्हाचा चीक, घाटत राहिलं नाय तर गाठी होतात, अर्ध्यात सोडता येत नाय. आभाळ भरून आलं. तिनं शेगडी उचलून आत घेतली, चीक वाया जाऊ नये म्हणून. ओटा पश्चिमेला तोंड करून, वारं सरळ दुकानात. भाऊंनी बाहेरनं शटर ओढलं आणि तिला म्हणाले, "मागचं दार उघडं टाक, धूर जाईल. मी वैनीकडं बघून येतो, साहेब घरी नायत." त्या दिवशी हे बँकेत गेले होते, परत आल्याचं त्यांना माहीत नव्हतं.

भाऊ आले धावत. मी, हे, आणि आमची म्हातारी आत्याबाई, तिघं पडवीत. बाहेर गारा सुरू. भाऊंचा अंगठा पेरांवर. एक, दोन, तीन. आणि चौथ्या पेरावर अंगठा थांबला. मी बघत होते गं. चेहऱ्यावरचं सगळं रक्त उतरलं. म्हणाले, "गठ्ठे."

मला काय कळेना. "कसले गठ्ठे?"

"काल नवं आलं. दाराला लावलं. मीच लावलं." आणि पळाले.

ह्यांनी दंडाला धरलं, "भागाजी, गारा बघ केवढ्या!" आयुष्यभर लोकांना सांगितलं ना, गारांत बाहेर पळू नका? ह्यांचा हात झटकला, पडवीतली माझी भाकरीची परात उचलली, डोक्यावर पालथी धरली आणि निघाले. आजही तो आवाज कानात आहे. ढण् ढण् ढण्, गल्लीभर, परातीवर गारा, आणि परातीखालून त्यांची हाक, "गयाऽ! गयाऽ!"

आम्ही खिडकीतनं बघतोय, बोलणं नंतर रफिकभाईंनी सांगितलं. वाऱ्यानं शटरच्या पट्ट्यांना पोट आलं होतं, एका बाजूनं चॅनेलाच्या खाचेतून निसटलेलं. वर जाईना. आतनं पातळ धूर फटीतनं येत होता. हाकेला उत्तर नाय. रफिकभाई डोक्यावर टायर ठेवून, खरंच सांगते, स्कूटरचं जुनं टायर टोपीसारखं घालून, पहार घेऊन आले. "हटो भाईजान, हात मत घुसाओ! तुमीच बोलते ना!" पण ऐकतंय कोण. जो माणूस लेकरांना फटीत बोट घालू देत नव्हता त्यानं दोन्ही हात खालून घातले. रफिकभाईंनी पहार लावली, भाऊंनी वर ओढलं, शटर वीतभर उचललं आणि तिथंच अडकलं, डाव्या हाताच्या दोन बोटांवर. माणूस ओरडला नाय. "धर रफिक, सोडू नको, सोडू नको," एवढंच.

मग फटीतनं हात आला. बांगड्यांचा, चिकानं माखलेला. मग तोंड, फरशीला गाल लावून. गयाबाई शहाणी, शेगडीवर पाणी ओतून, फरशीवर पालथी पडून, शटरच्या बुडाशी तोंड आणून राहिली होती. पंप संपलेला. छातीचा भाता असा चाललेला की बघवेना. आणि दोन श्वासांमधे काय म्हणाली असेल? "गठ्ठे... काढा म्हणलं... व्हतं का नव्हतं?"

गारा वाजतायत, बोटं चेंबलेली, आणि भाऊ रडत म्हणाले, "व्हतं गं बाई, व्हतं."

रफिकभाईंनी पहारीनं शटर आणखी उचलून तिला बाहेर ओढलं. दवाखान्यात दोन दिवस तिला ऑक्सिजन लावला. भाऊ बाजूच्या स्टुलावर, हाताला पट्टी. बोटं वाचली पण वाकडी राहिली. मी डबा घेऊन गेले तर गयाबाई तोंडावरचा मास्क बाजूला करून मला सांगते, "वैनी, ह्यास्नी विचारा, चिकाचं पातेलं कुणी घासलं?" नर्स रागावली. भाऊ कुणाकडं बघत नव्हते.

त्यानंतर हा माणूस गप्प झाला. दुकान उघडायचे, शटर बसवायचे, पैसे घ्यायचे, एक शब्द नाय. ज्याला शटर पाहिजे त्याला शटर. पूर्वी असते तर आम्हाला सुटलो म्हणून बरं वाटलं असतं, आता वाटलं नाय. रफिकभाई एकदा त्यांच्यासमोर चहा ठेवून म्हणाले, "डराओ ना यार थोडा. दुकान सूना लगता."

"कुठल्या तोंडानं?" भाऊ म्हणाले.

गयाबाई आतनं म्हणाली, "हाय त्याच तोंडानं. मी मेले का? नाय ना? मग सांगत जावा. गठ्ठ्याचं पन सांगा, लाज वाटंल ती वाटू द्या."

आणि सांगायला लागले गं. नवं गिऱ्हाईक आलं की आधी वाकडी बोटं समोर धरायचे आणि मागल्या दाराची, गठ्ठ्यांची सगळी हकिकत सांगायचे, स्वतःला कुठं वाचवायचे नाय. मग शटरचा भाव. गिऱ्हाइकं आधीपेक्षा जास्त पळाली. रफिकभाई खूश.

ह्या पौषात गेले. झोपेतच. त्रास नाय, आजार नाय. दुकान आता बंद आहे, गयाबाई मागच्या खोलीतच राहते. तिचा भाऊ म्हणतो देवगावला चल, ती जात नाय.

मला ते शेवटचे दिसले ते दिवाळीनंतरच्या एका दुपारी. मी मागच्या बोळातनं फराळाचे डबे परत मागायला गेले. त्यांनी मागच्या दाराची फळीच काढून टाकली होती, तिथं नुसतं जाळीचं दार, साधी कडी, आतनं-बाहेरनं उघडणारी. दारात बाज टाकलेली. गयाबाई झोपलेली, तोंड बाहेरच्या वाऱ्याकडं. खाली उंबऱ्यावर भाऊ बसलेले, पाठ चौकटीला. मी तोंड उघडणार तोच त्यांनी वाकडी बोटं ओठांवर ठेवली. मग तिच्याकडं मान हलवून, ओठ हलवत, आवाज न करता मला म्हणाले, "बघा. पंपाबिगर." आणि असे हसले, मंगल, की मी डबे न घेताच परत आले.

आता तू ये. फोटो नको, फोन नको. रविवारी सकाळीच ये, उन्हं तापायच्या आत. मी तुला गयाबाईकडं नेते. तिला बोलायला आहेत गं माणसं, आम्ही आहोत, रफिकभाई आहेत. पण भांडायला कुणी राहिलं नाय, आणि तू आईच्या वळणावर गेलीस, भांडतेस चांगली. ये लवकर.